डोहावरचं इंजन

पाटातलं पाणी ढिलं पडलं तशी रंगूबाईनं खोरं चिखलात रोवलं आणि कान दिला. डोहावरच्या इंजनाचा आवाज बिघडला होता. एरवी तो मळणीच्या बैलासारखा एका चालीनं यायचा. आज पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तशी खडखड त्यात मिसळली होती. मग बंदुकीसारखे बार झाले. पल्याडच्या थडीवरचे बगळे उठले आणि सगळं गप झालं.

चैती पुनव होऊन गेली होती. कृष्णेची धार आटून नदी डोहाडोहात जाऊन बसली होती. ऊस डोक्याला लागलेला, पण पाणी जरा चुकलं की पाल्याच्या सुरळ्या व्हायच्या. रंगूबाईनं लुगड्याचा काचा आवळला आणि ती चिखलाच्या पायांनीच डोहाकडं पळत सुटली.

मानसिंग खोपीत इंजनापुढं उकिडवा बसला होता. त्याच्या सदऱ्याची उजवी बाही कोपराखाली मोकळी लोंबत होती. लढाईत तो पलटणीच्या मोटारी दुरुस्त करायचा. ब्रह्मदेशात कुठंतरी चिखलात जॅक निसटला आणि भरल्या लॉरीखाली हात राहिला तो राहिलाच. गेल्या दसऱ्याला घरी आला, तेव्हा पलटणीकडनं मिळाले त्या पैशात त्यानं लढाईतनं बाद झालेल्या लॉरीचं इंजन घेतलं. सागवानी ओंडक्यांवर बसवलं. पुढचं तोंड खोपीच्या दाराकडं आणि मागं पंपाच्या पट्ट्याचं आऱ्यांचं मोठं चाक. त्या इंजनावर त्यांचा ऊस होता, शेजारच्या बनुबाईचा होता, आणि हंबीरराव पाटलाचाही होता. कारण डोहावरची जागा हंबीररावाची होती.

"काय झालं ओ?" रंगूबाईनं विचारलं.

"साखळी गेली." मानसिंगनं डाव्या हाताच्या मुठीनं इंजनाच्या म्होरच्या झाकणावर ठोकलं. "या झाकणाआड दातेरी चाकं हायती. एक खाली, एक वर. दोन्हींवर मिळून एक साखळी. खालचं चाक वरच्याला फिरवतंय, आन वरचं व्हॉलच्या झडपा उघडतंय, मिटतंय. साखळी झिजून लांबली. झाकणाला घासत हुती, आता दात सोडला तिनं. सगळा येळ चुकला इंजनाचा."

"नवी मिळंल?"

"कराडला मोडवाल्याकडं मिळंल. पण जुनी म्होरं टाकल्याबिगर त्याला कळायचं न्हाई कुठली ती. म्हंजी आदी ही काढाय पायजे." तो थांबला. मग लोंबत्या बाहीकडं न बघता म्हणाला, "आन ते एका हाताचं काम न्हवं."

तेवढ्यात खोपीच्या दारात सावली पडली. हंबीरराव छत्री मिटत आत आला. त्याच्यामागं त्याच्या मोटारीचा ड्रायव्हर, सिद्धू. बार ऐकूनच दोघं निघाले असणार.

"बंद पडलं न्हवं?" हंबीरराव म्हणाला. "मानसिंग, आपलं बोलणं काय झालं हुतं? इंजन चालतंय तवर जागा. बंद पडलं की जागा मोकळी."

"पाटील, दुरुस्त करतुया की."

"कोण करतंय? कराडचा मिस्त्री लग्नसराईत बसगाड्यांत गुतलाय. ह्यो सिद्धू माझ्या मोटारीला सोडून कशाला हात लावायचा न्हाई. आन तू..." त्यानं बाहीकडं बघितलं आणि तो हसला. "तू हात लावतो म्हनशील, पर हात कुठाय गड्या?"

मानसिंगची मान खाली गेली. पलटणीत साहेबांपुढं ताठ उभा राहिलेला माणूस, पण आपल्याच इंजनापुढं वाकला. रंगूबाईनं ते बघितलं आणि तिच्या कानशिलाशी रक्त उसळलं.

"हात माजं हायती की, पाटील," ती म्हणाली.

हंबीररावानं प्रथमच तिच्याकडं बघितलं. "बाईमाणूस इंजन उघडणार?"

"अडल्या बायांची लेकरं काढली या हातांनी, साखळी निघंना व्हय?"

सिद्धूला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात दाबलं. हंबीरराव मात्र हसला नाही. "उघड, उघड," म्हणाला. "बंद केलं त्येनं, मोडशील तू. लवकर आटपंल."

दोघं गेल्यावर मानसिंग तिच्यावरच उखडला. "कशाला तोंड चालवलंस? उद्या सगळा गाव बघाय येईल."

"यिऊ द्या. तुमी सांगा, म्या करते."

"तुला पाना धरायचा ठाव न्हाई."

"खुरपं तरी कुठं आईच्या पोटातनं धरून आली हुते?"

दुसऱ्या दिवशी उन्हं खोपीत शिरायच्या आधीच तिनं कामाला हात घातला. बनुबाई आली होती. कपाळ मोकळं, अंगानं वाळलेली, पण जिभेनं तिखट. तिचा ऊस नदीपासनं सगळ्यांत लांब, म्हणून सगळ्यांत आधी कोमेजलेला. थडीवर धुणं धुणाऱ्या बायाही हळूहळू खोपीच्या दारात जमल्या. त्यांच्यामागं दोन-चार गडी, बिड्या ओढत.

"पयलं बॅटरीची तार सोड," मानसिंगनं सांगितलं. "मग वरले पलग काढ. इंजन झोपेत बी लाथ मारतंय. त्येचा जीव काडून घ्यायचा, मगच अंगाला हात लावायचा."

तिनं तार सोडली, पलग काढले, एका फडक्यावर ओळीनं मांडले. मग पट्टा उतरवला. मागल्या चाकाच्या आऱ्यात बाभळीचा दांडका अडकवून चाक जाम केलं. पुढं हँडल बसायचं दाताळं होतं, ते सोडायला मोठा पाना लावला. ते हलेना. तिनं पाय ओंडक्याला लावून अंग मागं टाकलं. पाना निसटला आणि ती पाठीवर आपटली. दारातनं हसण्याचा लोंढा आला.

"आगं, चूल बरी ती!" कुणीतरी म्हणालं.

बनुबाई वळली. "चुलीवरचं खातुयास न्हवं रं तू? मग तोंड मीट."

मानसिंग कसनुसा झाला. "ऱ्हाऊ दे रंगे," तो हळूच म्हणाला.

ती उठली. पाठीची माती झाडली नाही. पान्याचं तोंड पुन्हा नीट बसवलं, त्याच्या दांड्यात लोखंडी नळी घातली आणि नळीच्या टोकाशी सगळा भार दिला. आतनं 'कट्' असं वाजलं. दाताळं सुटलं. मग पुली निघाली. मग झाकणाचे बोल्ट, एकेक. कोणता लांब, कोणता आखूड हे ध्यानात राहावं म्हणून ती जिथला बोल्ट तिथंच मातीत रोवत गेली. झाकणाचा आकार जमिनीवर उमटला. मानसिंग बघत राहिला. हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं.

झाकण निघालं तसं काळं तेल तिच्या मांडीवर सांडलं. आत साखळी दिसली. सासऱ्याच्या कंबरेच्या करगोट्यासारखी ढिली, एका अंगानं लोंबलेली.

"आता दांडका काड आन मागलं चाक हातानं सावकाश फिरव. दोन्ही चाकांवर एकेक खूण हाय. त्या समोरासमोर आल्या की थांब."

तिनं फिरवलं. खुणा बारीक होत्या, तेलात बुडालेल्या. बनुबाईनं चंचीतला चुना बोटावर घेऊन त्या ठिपक्यांवर लावला. पांढरे ठिपके एकमेकांना भिडले तसा मानसिंग ओरडला, "बस! आता इंजनाचं काळीज ठिकाणावर हाय. ते हालू द्यायचं न्हाई." तिनं दांडका पुन्हा आऱ्यात ठोकला आणि वरनं चऱ्हाटानं चाक ओंडक्याला बांधून टाकलं.

साखळीला ताण देणारी एक पोलादी पट्टी होती. तिच्यात जोर कोंडलेला. मानसिंगनं डाव्या हातानं तिच्यावर गोणपाटाची घडी दाबून धरली. "तोंड बाजूला घे. हळू सोड." पट्टी सुटली ती गोणपाटातनंही रंगूबाईच्या बोटांवर फटका मारून गेली. नखाशी रक्त आलं. तिनं बोट तोंडात घातलं, तेलाची कडू चव थुंकली आणि परत हात आत घातला.

वरच्या चाकाचा नट सुटला. पण चाकं एकेकटी निघणारी नव्हती. साखळी दोन्हींवर असताना ती दोन्ही मिळूनच पुढं सरकवायला हवी होती. वरचं लगेच सैल झालं, खालचं मात्र गंजल्यासारखं धरून बसलं. तिनं हातोडा उचलला.

"ठेव खाली!" मानसिंग इतक्या मोठ्यानं ओरडला की दारातले गडी दचकले. "मारलंस तर क्रँकच्या दांड्याचं तोंड फुटंल. इंजन भंगारात जाईल, भवाने!"

सगळ्यांदेखत ती शिवी तिला झोंबली. हातोडा तिनं खाली ठेवला, पण मान वळवून नवऱ्याच्या डोळ्यात बघितलं. "नगं म्हणा. लगीच थांबते. शिवी कशाला? म्या काय तुमच्या पलटणीतला शिपाई हाय?"

मानसिंग ओशाळला. घाम पुसायचं निमित्त करून त्यानं तोंडावरनं हात फिरवला. "चुकलं," म्हणाला. मग त्यानं पेटीतनं तीन नख्यांचा ओढा काढला. नख्या चाकामागं अडकवून मधला आटा फिरवला की चाक अंगावर ओढलं जायचं. तो डाव्या हातानं नख्या धरी, ती आटा फिरवी. जरा खालचं, जरा वरचं. परत खालचं, परत वरचं. घाम तिच्या भुवयांतनं थेट चाकावर ठिबकत होता. दारातलं हसणं कधी थांबलं ते तिला कळलंही नाही.

सूर्य माथ्यावर आला तेव्हा दोन्ही चाकं साखळीसकट तिच्या ओंजळीत आली. खालच्या चाकामागच्या पातळ चकत्या आणि खाचेतली, चाक दांड्यावर घट्ट धरणारी चंद्रकोरीसारखी चावी तिनं बोटांनी चाचपून काढली. सगळं बनुबाईच्या पदरात ठेवलं.

"निगालं," ती म्हणाली. नुसतं एवढंच.

मानसिंगनं साखळी नि चाकं धोतराच्या फडक्यात बांधून खांद्याला अडकवली. निघताना तो मागल्या चाकापाशी थांबला. "रंगे, ध्यान दे. आता ह्ये चाक कुणी फिरवलं तर आतले पिस्टन वर येतील आन उघड्या व्हॉलवर डोकं आपटतील. सगळे वाकतील. मग कराडच काय, मुंबईला गेलो तरी उपेग न्हाई. हितनं हालू नगंस."

"तुमी जावा. म्या हाय."

तो गेला. ती रात्रभर खोपीतच पडली, चाकाला पाठ लावून.

दुसऱ्या दिवशी कासराभर दिवस वर आला असेल, हंबीरराव पुन्हा आला. बरोबर सिद्धू. रंगूबाई भाकरी खात होती. हातातला तुकडा तिनं खाली ठेवला.

"नवरा कुठाय?" हंबीररावानं विचारलं.

"कराडला."

"बरं झालं. सिद्धू, ते चऱ्हाट सोड. चाक फिरवून बघ, कुठं अडतंय ते."

सिद्धू जागचा हलला नाही. "मालक, साखळी काडलीया. आता फिरवलं तर इंजन मरंल."

"मरू दे की," हंबीरराव शांतपणे म्हणाला. "माझं नवं इंजन अमुशेपतोर येतंय. हितंच बसवायचंय. ह्ये मोडकं चालू झालं तर मला हलवता यायचं न्हाई. सोड चऱ्हाट."

त्यानं ते उघडच बोलून दाखवलं, तसं रंगूबाईला उमगलं. म्हणजे बोलणं, जागा, अट, सगळं वरवरचं होतं. पाटलाला त्यांना उठवायचंच होतं.

सिद्धू पुढं आला. त्यानं गाठ सोडली, दांडका उपसला. मालकाचं मीठ खाणारा माणूस, घरी लेकरं. रंगूबाईनं त्याला ढकललं नाही, की बोंब मारली नाही. ती चाकापाशी गेली, खाली बसली आणि उजवा हात खांद्यापर्यंत आऱ्यांतनं घालून पलीकडच्या ओंडक्याला घट्ट धरून बसली. चाक जरा जरी फिरलं असतं, तरी आरा आणि ओंडका यांच्यात कोपर चिरडलं असतं.

"फिरवा आता," ती म्हणाली.

सिद्धू मागं सरला.

"अगं ए, खूळ लागलं का तुला?" हंबीरराव पुढं आला. "हात काड. नवऱ्याचा एक गेलाय, आता तुझा घालवतीस? घरात दोन थोटी माणसं हुतील."

"हुतील की. दोगांचं मिळून दोन हात ऱ्हातील. तेवढ्यात इंजन चालतंय आमचं."

हंबीररावानं स्वतःच चाकाची कड धरली. लोखंड तिच्या दंडाला टेकलं. तिनं डोळे मिटले नाहीत. त्याच्याच डोळ्यात बघत राहिली. त्याच्या मनगटावरची शीर ताठलेली तिला दिसत होती. हात जाणार, हे ती त्या घटकेला धरूनच चालली होती. पण बोटं ओंडक्यावरनं सैल झाली नाहीत.

"सिद्धू, ये हिकडं, जोर लाव!"

"न्हाई मालक," सिद्धू म्हणाला. आवाज फुटका होता, पण ऐकू येण्यासारखा. "मोटार चालवीन. ह्ये माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तो खोपीबाहेर जाऊन उभा राहिला.

थडीवरनं बनुबाई ओरडतच आली. तिच्यामागं धुण्याच्या पिळ्यांसकट बाया. बनुबाई आत आली आणि रंगूबाईशेजारी बसून तिनंही आपला वाळका हात आऱ्यांत घातला. मग तिसरी बसली. हंबीररावानं कड सोडली. तळहाताला लागलेलं काळं तेल तो छत्रीच्या कापडाला पुसत राहिला.

"अमुशेच्या आत जागा मोकळी पायजे," तो म्हणाला. "इंजन चालू असू दे, न्हाईतर बंद."

"चालू असलं तर जागा, असं बोलणं झालतं," रंगूबाई म्हणाली.

"बोलणं माझं हुतं. मीच मोडतुया."

तो गेल्यावर तिला हात बाहेर काढता येईना. कोपर आखडलं होतं. बनुबाईनं दांडका परत ठोकून चाक जाम केलं आणि दंडाला तेल चोळत चोळत हात आऱ्यांतनं सोडवला. तेवढ्यात रंगूबाईचा बांध फुटला आणि ती लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली.

मानसिंग तिसऱ्या प्रहरी परतला. बसगाडी मधेच बंद पडली म्हणून बरीच वाट पायी तुडवलेली. खांद्यावरच्या गाठोड्यात नवी साखळी होती. एक दातेरी चाकही बदलून आणलेलं. तिच्या दंडावरचा काळानिळा वळ बघून त्यानं विचारलं आणि बनुबाईनं सांगितलं. खोपीत लावून ठेवलेली कुऱ्हाड त्यानं उचलली.

रंगूबाईनं दांडा धरला. "ती ठिवा. आदी साखळी. ऊस वाळतुया."

त्यानं बराच वेळ दांडा सोडला नाही. मग सोडला.

उरलेल्या उजेडात साखळी चढली. नव्या चाकाच्या खुणेलाही चुना लागला, ठिपके समोरासमोर आले. तिनं चावी खाचेत बसवली, चकत्या घातल्या, दोन्ही चाकं मिळून मागं सरकवली. मातीत रोवलेले बोल्ट एकेक उपसून झाकणाला गेले. आता सूचना कमी लागत होत्या. ती हात पुढं करी आणि तो पाना देई.

हँडल तिनंच मारलं. "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, उलटी लाथ आली तर मनगट वाचतंय," एवढंच तो म्हणाला. एकदा मारलं. दुसऱ्यांदा. मग इंजन खोकललं, धुराचा लोट सोडला आणि एका चालीला लागलं. खडखड नव्हती. पाट भरला तसा बनुबाईनं पहिला घोट ओंजळीत घेतला आणि बाकीचं पाणी डोळ्यांना लावलं.

त्या आठवड्यात इंजन जेवायला तेवढं थांबत होतं. बनुबाईचा ऊस भिजला, यांचा भिजला. ठरल्या पाळीला हंबीररावाचाही भिजवला, त्यात काही कमी केलं नाही. पण संध्याकाळी खोपीत बसून तिघांनी नदी नीट न्याहाळली.

"माझ्या बांधाखाली बी डोह हाय," बनुबाई म्हणाली. "दरड तेवढी उभी हाय, म्हणून कुणी तिकडं बघत न्हाई."

"दरड काय, खांदू की," रंगूबाई म्हणाली.

आणि त्यांनी ती खांदली. सकाळी पाणी, दुपारनंतर दरड. मुरूम असा कडक की पहारीचं टोक बोथट व्हायचं. मानसिंग डाव्या हातानं पाट्या ओढी. हँडलच्या नि पहारीच्या घासण्यानं रंगूबाईच्या तळहाताची साल गेली. दरडीत इंजन बसेल एवढी ओटी तयार झाली, तोवर अमावास्या तोंडावर आली होती. हंबीररावाचं नवं इंजन मात्र आलं नव्हतं. रेल्वेची वाघीणच कुठं अडकलीय कळेना, असं सिद्धू सांगून गेला. सिद्धू आता हंबीररावाकडं कामाला नव्हता.

ज्या दिवशी इंजन हलवायचं, त्या दिवशी गावातनं बैलजोड्या आल्या. न बोलावता आल्या. दारात उभं राहून हसलेले गडीच ओंडक्यांखाली गोल लाकडं सरकवत होते. साखळदंड ताणले गेले, बैलांच्या माना खाली झुकल्या, आणि इंजन खोपीतनं उन्हात आलं.

हंबीरराव नदीच्या वाळवंटातनं घाईघाईनं येताना दिसला. आज छत्री नव्हती.

"मानसिंग! ह्ये कुठं नेताय?" तो धापा टाकत म्हणाला.

मानसिंग बोलणार होता, पण त्यानं बायकोकडं बघितलं आणि तो थांबला.

"जागा मोकळी करा म्हनला हुतासा, पाटील," रंगूबाई म्हणाली. "केली."

"आगं पण माझा ऊस? माझं इंजन अजून आलं न्हाई. पाळी परवा हाय माझी."

"पाळी हाय, खरं हाय. पण आता इंजन बनुआत्तीच्या बांधाखाली ऱ्हाणार. तिथनं तुमच्या रानाला पाट आणायचा तर मधली दरड खांदाय लागंल."

"मग खांदा की! मी माणसं देतो."

"माणसं नगं," ती म्हणाली. तिनं वाकून खोपीच्या दारात पडलेली बोथट पहार उचलली आणि त्याच्यापुढं उभी रोवली. "तुमी या. दोन हात हायती न्हवं?"

हंबीरराव पहारीकडं बघत राहिला. भोवतालच्या गड्यांपैकी आज कुणीही पाटलापुढं मान खाली घातली नाही.

रंगूबाईनं पदर खोचला, पुढच्या बैलाची येसण धरली आणि हाळी दिली, "हां, वढा!"